परका सरडा, आपला माळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, त्याआधीपासूनच इथल्या सोसायट्या दगडखाणी आणि गवताळ माळांना भिडत चालल्या होत्या. हौसेने पाळलेला परदेशी सरडा निसटला किंवा कुणी सोडून दिला, तर त्याला माळ गाठायला एक कुंपण ओलांडणं पुरतं. अशा सरड्यांनी इथे बस्तान बसवल्याची नोंद आज नाही. ती कधीच होऊ नये, म्हणून काही समज आत्ताच दुरुस्त करायला हवेत.

गैरसमज १: सोसायटीत शिरलेला मोठा खवल्यांचा प्राणी परदेशीच असणार.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा ती आपली घोरपड असते. मातकट करडा रंग आणि सतत आत-बाहेर होणारी लांब, दुभंगलेली जीभ ही तिची खूण. हौसेने पाळल्या जाणाऱ्या परदेशी हिरव्या इग्वानाच्या पाठीवर मऊ काट्यांची रांग असते, गळ्याखाली कातडी लोंबते आणि गालावर एक मोठा गोल खवला दिसतो. घोरपड चावली की माणूस मरतो, ही भीती खोटी आहे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

गैरसमज २: इग्वाना पाला खातो, सोडला तर कुणाचं काय बिघडणार?
वस्तुस्थिती: मूळच्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या या सरड्याची मादी एका विणीत २० ते ७० अंडी घालते. फ्लोरिडात त्याच्या बिळांनी कालव्यांचे काठ खचतात, दुर्मिळ फुलपाखराच्या अळ्या ज्या झाडावर जगतात त्याचा पालाही तो खातो. फिजीत २००० च्या सुमारास तो कामेआ बेटावर आणला गेला आणि तिथून शेजारच्या बेटांवर पसरला.

गैरसमज ३: पुण्याच्या थंडीत इग्वाना आपोआप मरेल.
वस्तुस्थिती: फ्लोरिडात पारा चार-पाच अंशांवर उतरला की इग्वाना बधिर होऊन झाडांवरून खाली पडतात, पण ऊन चढल्यावर त्यातले अनेक पुन्हा चालू लागतात. आपली थंडी सहसा तितकीही कडक नसते. तिच्या भरवशावर राहू नये.

गैरसमज ४: वस्तीत वाढलेला प्राणी वस्तीतच राहतो.
वस्तुस्थिती: आशियातली एक साधी घरपाल मालवाहतुकीबरोबर ऑस्ट्रेलियात पोहोचली. आधी ती दिव्याखालच्या भिंतींवर दिसे. आता वस्तीबाहेरच्या रानातही आढळते. मॉरिशसच्या आसपास तिने तिथल्या मूळ पालींना लपायच्या जागांवरून हुसकावलं.

गैरसमज ५: उपद्रवी असतात ते परदेशी, आपले सरडे गरीब.
वस्तुस्थिती: आपल्या बागेतल्या सरड्याच्या जातकुळीतले सरडे १८६५ च्या सुमारास उसाच्या बेण्याबरोबर जावाहून रियुनियन बेटावर गेले आणि तिथे रुजले. सिंगापुरातही ते बाहेरून आले आणि तिथला मूळचा हिरवा सरडा मागे हटला. दोष प्राण्याच्या जातीचा नाही. माणसाने त्याला भलत्या जागी नेऊन सोडलं की उपद्रव सुरू होतो.

गैरसमज ६: माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे बिघडण्यासारखं आहेच काय?
वस्तुस्थिती: दख्खनच्या माळांवर उन्हाळ्यात इवलासा नर सरडा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो, काही जातींत त्यावर निळा, काळा आणि केशरी असे तिन्ही रंग असतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची अशीच एक जात २०१६ साली विज्ञानासाठी नवी म्हणून नोंदली गेली. हातभर लांबीचाही नसलेला हा जीव उघड्या जमिनीवरच जगतो. राडारोडा, प्लॉटिंग आणि खाणींनी त्याची जागा आधीच आक्रसते आहे. त्यात बाहेरच्या स्पर्धकाची भर नको.

मग करायचं काय? घरात इग्वाना असेल तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे. सांभाळणं जमेना, तर दया म्हणून त्याला माळावर किंवा तळ्याकाठी सोडू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अनोळखी सरडा दिसला तर काठी उचलू नका, लांबूनच फोटो काढा आणि याच क्रमांकावर सांगा. एकदा पसरलेला प्राणी परत गोळा करणं फ्लोरिडालाही जमलेलं नाही. त्याला पसरू न देणं मात्र वाघोलीतल्या प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे.