ओळखीचे अक्षर

यंदा उन्हाळ्यात चामोर्शीत दुपारची कामे आटोपली की आम्ही चौघी शेजारणी एक पुस्तक घेऊन बसायचो. सफिया अख्तर यांनी पतीला, शायर जांनिसार अख्तर यांना लिहिलेली पत्रे. मूळ उर्दू, आमच्या हाती आली ती हिंदीतून. एकीने वाचायचे आणि अडेल तिथे सर्वांनी मिळून मराठी करायचे.

सफिया म्हणजे शायर मजाज यांची बहीण, अलीगढला शिकलेल्या. 1943 मध्ये त्यांचा निकाह झाला. पुढे जांनिसार मुंबईला गेले. सफिया भोपाळच्या हमीदिया कॉलेजात शिकवत, जावेद आणि सलमान या मुलांना सांभाळत राहिल्या. पत्रांत प्रेम आहे, तशीच पैशांची ओढाताण आणि आजारपणही आहे. जानेवारी 1953 मध्ये त्या गेल्या, तेव्हा जावेद जेमतेम आठ वर्षांचे होते. पुढे जांनिसार यांनी ही पत्रे दोन संग्रहांत छापली. एकाचे नाव 'जेर-ए-लब'. त्याचे मराठी आम्ही 'ओठांतल्या ओठांत' असे केले. दुसरे 'हर्फ-ए-आशना', म्हणजे ओळखीचे अक्षर.

आमच्यातील एकीच्या सासूबाई तसबीह घेऊन बाजूला बसत. एक दिवस म्हणाल्या, ''बायकोने नवऱ्याला लिहिलेलं तुम्ही का वाचता गं?''

आम्ही म्हणालो, ''नवऱ्यानेच छापलंय, अम्मी.''

''पण तिला विचारलं होतं का?''

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी पुस्तक मिटले.

दोन दिवसांनी अम्मींनीच पेटीतून एक पुडके आणले. अब्बा आलापल्लीला सागवानाच्या कामावर असताना आलेली पत्रे. अम्मींना कुरआन वाचता येते, पण जेर-जबर नसलेली हाताची उर्दू लागत नाही. तेव्हा शेजारचे चाचा वाचून दाखवायचे. ''परका माणूस वाचणार म्हणून ते जपून लिहायचे,'' अम्मी म्हणाल्या. ''तरी एकदा नीट ऐकायचंय. तुम्हीच वाचा.''

आम्हालाही वाचता येईना. आमच्या शाळा मराठी. अरबी अक्षरे ओळखीची, पण पे, टे, चे, गाफ आले की गाडी अडायची. मौलवीसाहेबांकडे नेऊ का, असे विचारले, तर अम्मींनी मान हलवली. मग उर्दू कायदा आणला आणि नातवंडांच्या पंक्तीला आम्हीही बसलो.

महिन्याभराने पहिले पत्र लागले. पन्नास रुपये पाठवल्याचा हिशेब, धाकट्याच्या तापाची चौकशी आणि शेवटी एकच ओळ: इकडे मोहा फुलला आहे, वास आला की घर आठवते.

''एवढंच?'' अम्मी म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, ''शेवटचं परत वाच.''

भगिनींनो, तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी असे पुडके असेल. ते फेकू नका, पण उघडण्याआधी ज्यांचे आहे त्यांना विचारा. त्यांनी होकार दिला आणि अक्षर लागले नाही, तर ते शिकून घ्या. वाट पाहणारे कान घरात आहेत, तोवरच ते वाचण्यात अर्थ आहे.