आपले कुलदैवत गोव्यात का? घाट चढून आलेल्या कुटुंबांची हकिगत

नंदगड, खानापूर, बेळगाव भागातल्या आपल्या अनेक कुटुंबांत लग्नकार्य झाले की नवे जोडपे गोव्याला जाते. कुणी मंगेशीला, कुणी कवळ्याच्या शांतादुर्गेला, कुणी म्हार्दोळच्या म्हाळसेला. घर इकडे, शेत किंवा दुकान इकडे आणि देव मात्र घाटाखाली. हे असे का, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सोळाव्या शतकात सापडते.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली. 1543 मध्ये बारदेश आणि सासष्टी त्यांच्या ताब्यात गेली. आधी तिसवाडीतली देवळे पाडली गेली, मग 1566-67 च्या सुमारास सासष्टीतली. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ते कायमचे बंद व्हायला 1812 साल उजाडले. 1559 च्या एका राजाज्ञेने बाप वारलेल्या हिंदू मुलांना पाद्र्यांच्या हवाली करण्याची सोय केली. घरातला कर्ता पुरुष गेला तर मुले आपली राहणार नाहीत, ही भीती देऊळ पडण्याइतकीच मोठी होती.

तरीही निघणे सोपे नव्हते. गोव्यातली गावे गावकरी पद्धतीने चालत. जमीन गावाची सामाईक असे आणि गावकऱ्याला तिच्या उत्पन्नात पिढीजात वाटा मिळे. गाव सोडला की हा वाटा, मान आणि देवळातला हक्क, सगळ्यावर पाणी सोडावे लागे. म्हणून पुष्कळ घरांत फाटाफूट झाली. एक भाऊ बाटून जमिनीवर राहिला, दुसरा देव घेऊन निघाला. गोव्यातल्या काही हिंदू आणि ख्रिस्ती घराण्यांचे मूळ एकच आहे ते यामुळे.

पहिला टप्पा जवळचाच होता. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. मधे फक्त नदी. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश 1560 मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला गेला. आज गोव्यातली मोठी देवळे फोंडा तालुक्यात एकमेकांजवळ दिसतात, त्याचे कारण हेच. आज आपण पाहतो त्या मोठ्या इमारती नंतरच्या. कवळ्याचे सध्याचे देऊळ अठराव्या शतकात, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिले.

देव नदीपलीकडे थांबले, माणसे पुढे गेली. काही समुद्राच्या कडेने कारवार, मंगळूर आणि थेट कोचीपर्यंत पोचली. काही घाट चढली. रामघाट, चोर्ला, तिनईघाट या वाटा आधीपासून वापरातल्या होत्या. गोव्याच्या कदंबांचे राज्य घाटाच्या दोन्ही अंगांना होते आणि नंदगडजवळची हलशी हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे होते. आपल्या तालुक्यात उगम पावणारी म्हादई खाली गोव्यात मांडवी होते. त्यामुळे वर येणारा माणूस अगदी अनोळखी मुलखात येत नव्हता.

मात्र सगळेच जण छळामुळे आले, असे समजणे चूक ठरेल. पुढची दोनशे-अडीचशे वर्षे लोक थोडेथोडे येतच राहिले, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. कुणी लढायांच्या धामधुमीमुळे निघाले, कुणी व्यापारासाठी. नंदगडच्या पेठेत गोव्याहून मीठ, नारळ, खोबरेल तेल आणि सुपारी येई, तर इकडून धान्य खाली जाई. आधी आलेल्या नातेवाइकाच्या आधाराने दुसरा येई, त्याच्या मागून मेहुणा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावहून येणारी रेल्वे कॅसलरॉक-लोंढ्याकडून वर आली आणि नंदगड मार्गावरून बाजूला राहिले. मग पुष्कळ कुटुंबे पुन्हा हलली, या वेळी बेळगाव, पुणे, मुंबईकडे.

त्याच शतकात अमेरिकेत लाखो लोक पश्चिमेकडे जात होते. तिथे 1862 च्या कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला सरकार 160 एकर देत असे. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हेही लक्षात ठेवायला हवे. आपल्या पूर्वजांना असे कुणी बोलावले नव्हते. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते: एकट्याने कुणी जात नसे. आधी वाट माहीत असलेला माणूस, मग नाते, मग वस्ती.

त्या प्रवासाच्या खुणा आपल्या घरांत अजून आहेत. घरात कोकणी, शाळेत आणि कीर्तनात मराठी, बाजारात कानडी. गावावरून पडलेली आडनावे. देवळाच्या उत्सवाला जाणारी वर्गणी. पण हे सांगणारी पिढी आता थकली आहे. गोत्र आणि कुलदैवत पत्रिकेसाठी तरी लिहिले जाते. मूळ गाव कोणता, वर कोण पहिल्यांदा आले, आधी कुठे उतरले, हे कुठेच लिहिलेले नसते.

म्हणून येत्या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे तारखेसह वहीत उतरवा. कुलदैवताच्या देवळात गेलात तर आपले घराणे तिथे महाजन आहे की कुळावी, याची चौकशी करा. महाजनांच्या नोंदी देवस्थानांकडे असतात. जुनी पत्रे, खरेदीखते, मोडीतले कागद रद्दीत देऊ नका. मोडी वाचणारा आज ना उद्या भेटेल, फाडलेला कागद भेटणार नाही.