नखाला न लागणारी कड

“डोळं झाका, नि नख फिरवून बघा, सर.”

पेंटरने टाकी माझ्यापुढे गोणपाटावर ठेवली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातला एक गाळा, आणि माझ्या येझदी मोटरसायकलची टाकी. मरून रंगावर सोनेरी पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना काळी बारीक रेघ. मी डोळे मिटले आणि अंगठ्याचे नख या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेले. मरून कुठे संपला, काळी रेघ कुठे आली, सोनेरी कुठे सुरू झाला, काही कळले नाही. आरशावरून नख जावे तसे ते गेले. या कामाला अठरा दिवस लागले होते आणि त्यातला रंग मारण्याचा वेळ जेमतेम दीड दिवसाचा. बाकी सगळे दिवस घासण्यात आणि वाळण्याची वाट बघण्यात गेले.

रंगाला जाडी असते. भिंतीवर ती जाणवत नाही, टाकीवर मात्र लगेच जाणवते. पट्टा काढायचा तर मूळ रंगावर टेप लावून बाकीचा भाग झाकतात, उघड्या भागावर दुसरा रंग मारतात आणि टेप सोडवतात. टेप निघाली की तिथे पायरी उरते. रंगाचा एक हात वाळल्यावर साधारण १० ते २५ मायक्रॉन भरतो. खालचा रंग पुरता झाकायला दोन-तीन हात द्यावे लागतात. म्हणजे पायरी सहज ५० मायक्रॉनच्या घरात जाते, डोक्याच्या केसापेक्षा थोडी बारीक. त्यातच टेपेच्या कडेला ओला रंग चढून बसतो आणि वाळल्यावर तिथे शेताच्या बांधासारखा उंचवटा तयार होतो. म्हणून चांगला पेंटर रंग पुरता कडक होण्याआधीच, टेप तिच्याच अंगावर मागे दुमडून, सावकाश ओढतो. रंग वाळून कडक झाल्यावर ओढली तर कड चिरफळते.

आता यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लेप, येते. आपल्याकडे बहुतेक गाळ्यांत त्याला लॅकरच म्हणतात. बहुतेकांची समजूत अशी की लॅकरचे चार हात मारले की कडा आपोआप बुडतात. माझीही तीच होती. पण लॅकर तळ्यातल्या पाण्यासारखे सपाट होऊन बसत नाही. पातळ थर खालच्या चढउतारावरूनच चढतो-उतरतो. खाली पायरी असेल तर वरही पायरीच येते, फक्त तिची धार जरा गोलावते. कड जाते ती घासण्याने. लॅकर मारायचे ते घासायला पुरेसा माल वर असावा म्हणून, आणि मग त्यातला उंच भाग सखल भागाच्या पातळीला येईपर्यंत कापून काढायचा.

हिशेब सरळ आहे. पायरी ५० मायक्रॉनची आणि लॅकरचे दोन हात मिळून थरही ५० मायक्रॉनचा, तर पृष्ठभाग सपाट होईपर्यंत पट्ट्यावरचे सगळे लॅकर संपलेले असते आणि घासायचा पेपर थेट सोनेरी रंगावर चालू लागतो. म्हणून अशा टाकीला आधी तीन-चार हात, ते कडक झाल्यावर घासणे, आणि वर पुन्हा दोन हात. कँडी रंगात हे आणखी अवघड होते. कँडी म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी तळावर दिलेले पारदर्शक रंगाचे हात. दर हाताला रंग गडद होत जातो आणि पायरीही वाढत जाते. त्याला पेपरचा चुकून धक्का लागला, तर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. ठिगळ लांबूनही दिसते.

घासताना मी दोन तास शेजारी बसून होतो. साबणाच्या पाण्यात भिजवलेला ६०० नंबरचा वॉटर पेपर, त्यामागे रबराचा ठोकळा. नुसत्या बोटांनी घासायचे नाही, कारण बोटे दाबतात तिथे चर पडतात. चारदोन हात फिरवायचे, पाणी ओतायचे, फडक्याने पुसायचे आणि टाकी उजेडात तिरपी धरायची. घासलेला भाग मंद, दुधाळ दिसतो. जिथे पेपर पोचला नाही तिथे चमक टिकून असते. माझ्या टाकीवर पट्ट्याच्या कडेने एक चकचकीत रेघ उरली होती, दोऱ्याएवढी. ती पायरीच्या पायथ्याची सखल जागा. दर फेरीला ती तुटत, बारीक होत गेली. पेंटर मात्र टाकीपेक्षा खाली गळणाऱ्या पाण्याकडेच जास्त बघत होता. पाणी पांढरट आहे तोवर लॅकरच निघते आहे. त्यात पिवळी किंवा लालसर झाक आली की पेपर रंगाला लागला. दोऱ्याचे शेवटचे दोन तुकडे जाईनात, तेव्हा त्याने जोर लावला नाही. हात धुतले आणि म्हणाला, “ऱ्हाऊ दे. पुढच्या लॅकरात भरंल.” माझ्या मते सारे कसब त्या थांबण्यात होते.

टाकीच्या धारांवर, म्हणजे पत्रा वळतो त्या उंच रेषांवर, त्याने घासण्याआधीच टेप लावून ठेवली होती. ओले लॅकर धारेवरून दोन्ही बाजूंना ओढले जाते, त्यामुळे तिथला थर मुळातच पातळ राहतो. पेपर सर्वांत आधी तिथेच आरपार जातो.

आपल्याकडच्या जुन्या पेंटरांच्या तोंडी अजून ‘ड्युको’ हा शब्द आहे. ते अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचे नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२०च्या दशकात ते जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आले आणि गाडी वाळायला लागणारे आठवडे तासांवर आणून ठेवले. ते नुसते थिनर उडून वाळते, म्हणून नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. आजचे हार्डनर घालून मारायचे लॅकर रासायनिक क्रियेने घट्ट होते. ते टिकाऊ आहे, पेट्रोलला दाद देत नाही, पण एकदा कडक झालेला थर पुढच्या थरात मिसळत नाही. घासताना वरचा थर फुटून खालचा उघडा पडला, तर त्या जागी झाडाच्या वलयासारखी रेघ उमटते. पॉलिशने ती जात नाही. पुन्हा लॅकर मारावे लागते.

मोटरसायकलच्या टाक्या अशा रंगवण्याची हौस फोफावली ती अमेरिकेत. मिनेसोटातल्या जॉन कोसमॉस्की यांनी १९५६ साली हाउस ऑफ कलर ही रंगांची कंपनी सुरू केली आणि कँडी रंग डब्यांतून पेंटरांच्या हाती दिले. १९६९च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातली अमेरिकेच्या झेंड्याचे तारे-पट्टे रंगवलेली टाकी जगभर पोचली. ती मोटरसायकल घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा वाटा होता, आणि त्यांची नावे कित्येक वर्षे कुणी घेतली नाहीत. हे मला फार लागते. टाकी सगळे ओळखतात, हात कुणी ओळखत नाही.

माझी ही टाकी दुसऱ्यांदा रंगली आहे. पहिल्यांदा दुसऱ्या एका गाळ्यात, दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून चार दिवसांत करून घेतली होती. हातात आली तेव्हा नखाला काही लागले नव्हते. दिवाळीत उन्हात उभी केली, तर पट्ट्याची कड वर आलेली. कारण या वेळी कळले. आत अडकलेले थिनर पुढे कितीतरी दिवस निघत राहते आणि लॅकर आकसते. सखल जागी लॅकर जाड, तिथे ते जास्त आकसते. उंच जागी पातळ, तिथे कमी. घाईत सपाट केलेली पायरी अशी पुन्हा उघडी पडते. म्हणून या खेपेला पहिल्या लॅकरनंतर टाकी आठवडाभर नुसती टांगून ठेवली होती. शेवटच्या हातांनंतरही काही दिवस जाऊ दिले, मग १५०० आणि २००० नंबरचा पेपर, आणि त्यावर कंपाउंड.

“लोक रंगाचं पैसं देत्यात,” पेंटर म्हणाला, “घासायचं कोण देत न्हाई.” बिलात घासाईची ओळ नसते. ती असायला हवी आणि रंगापेक्षा मोठी असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. या लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वासानेही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही, धुळीचा मास्कही नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क हा खरा उपाय. तो नसेल तर निदान वायूसाठीची कार्ट्रिज लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, आणि वेळच्या वेळी बदललेली कार्ट्रिज. गाळ्यागाळ्यांतून विशीतली पोरे उघड्या तोंडाने गन चालवताना दिसतात.

तेव्हा टाकी रंगवायला द्याल, तर रंगांचे कार्ड चाळण्याआधी मास्क कुठे टांगला आहे ते बघा. नसेल तर तो घ्यायला लावा, लागल्यास त्याचे पैसे बिलात धरा. आणि टाकी परत मिळण्याची तारीख पेंटरला ठरवू द्या.