ब्लूटूथ : जवळच्या जवळ बिनतारी देवाणघेवाण

भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या परिसरात कापूस हे शेतकऱ्याचे महत्त्वाचे पीक होय. कामगंध सापळ्यात सतत तीन दिवस गुलाबी बोंडअळीचे आठ ते दहा पतंग आढळले, की उपाययोजनेस विलंब करून चालत नाही. अशा वेळी इंटरनेट मंद असले, तरी सल्ला अडून राहू नये. येथे ब्लूटूथ उपयोगी पडते.

ब्लूटूथ म्हणजे मोबाइलमधील लहानसा रेडिओ. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साधारणतः दहा मीटरपर्यंत पोहोचतात. त्यास मनोरा लागत नाही, डेटाचा खर्चही येत नाही. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या. त्याचेच नाव या साधनास मिळाले.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तालुक्याच्या गावी चित्रफीत उतरवून घ्यावी आणि चावडीवर जमलेल्या शेतकऱ्यांच्या अँड्रॉइड फोनवर एकेक करून पाठवावी. मोठी फीत सावकाश जाते, म्हणून ती आटोपशीर असावी. ज्यांस वाचता येत नाही, त्यांच्यासाठी बिनतारी स्पीकर जोडून सल्ला सर्वांस एकदम ऐकविता येतो.

मात्र सावधगिरी हवी. जोडणीच्या वेळी दोन्ही फोनवर दिसणारे अंक जुळतात काय, हे पाहावे. अनोळखी फोनची विनंती नाकारावी आणि काम होताच ब्लूटूथ बंद करावे. एका फोनवर आलेला सल्ला शेजारच्या बांधापर्यंत वेळेत पोहोचला, तरच त्याचे चीज होते.