कॉफीची कागदी गाळणी आणि तिचे घरगुती पर्याय

मराठी घरात चहाला जे नित्याचे स्थान आहे, ते कॉफीला नाही; परंतु कॉफीला एक वेगळा मान आहे. पाहुणे आले, थंडी पडली किंवा रात्री मुलांना अभ्यासासाठी जागायचे असले की जायफळ घातलेली दुधाळ कॉफी आठवते. ही कॉफी आपण पातेल्यात उकळतो आणि चहाच्याच गाळणीने गाळतो. अलीकडे मात्र घरोघरी दळलेल्या बियांची कॉफी येऊ लागली असून तिच्याबरोबर कागदी गाळणीही आली आहे. ती संपली, अथवा मिळालीच नाही, तर काय करावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि त्याचा संबंध घरखर्चाशी आहे आणि त्याहून अधिक आरोग्याशी आहे.

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगरसारख्या वसाहतीत हा प्रश्न विशेष जाणवतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींमुळे ही वसाहत वसली. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे या परिसरात आली. त्यामुळे एकाच आळीत एका घरी मराठी पद्धतीची उकळलेली कॉफी, तर शेजारी तमिळ किंवा तेलुगू घरी स्टीलच्या फिल्टरमधील कॉफी होते. कागदी गाळण्या मात्र अशा लहान बाजारपेठेत हव्या तेव्हा मिळतीलच असे नाही.

कागद आला कोठून?

कागदी गाळणी ही मुळात घरगुती युक्तीच होय. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने छिद्रे पाडली, त्यात मुलाच्या वहीतील टीपकागद ठेवला आणि त्यावरून कॉफी गाळली. १९०८ साली तिला या कल्पनेचे पेटंट मिळाले. तत्पूर्वी तेथेही कॉफी कापडानेच गाळली जात असे. म्हणजे कागद हा कापडाला शोधलेला पर्याय होता. आज आपण उलट दिशेने जात आहोत, इतकेच.

गाळणी नेमके काय अडवते?

गाळणीचे काम केवळ चोथा अडविणे नव्हे. कॉफीच्या बियांतील तेलात कॅफेस्टॉल व काहवेऑल नावाची द्रव्ये असतात. ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात. कागद ही द्रव्ये जवळजवळ पूर्णपणे अडवितो. न गाळलेल्या कॉफीच्या कपात त्यांचे प्रमाण कागदाने गाळलेल्या कॉफीच्या सुमारे ३० पट असू शकते. नॉर्वेमध्ये ५ लाखांहून अधिक व्यक्तींची सरासरी २० वर्षे पाहणी करण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गाळलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. साठीपुढील पुरुषांत मात्र न गाळलेल्या कॉफीचा संबंध हृदयविकाराने होणाऱ्या अधिक मृत्यूंशी दिसला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी याची दखल घेणे शहाणपणाचे. तात्पर्य, पर्याय निवडताना कॉफी किती स्वच्छ दिसते एवढेच न पाहता तेल किती अडते हेही पाहावे.

तीन पर्याय

पहिला पर्याय चहाच्या गाळणीचा. पूड उकळून भांडे चार मिनिटे झाकून ठेवावे, चमचाभर गार पाणी शिंपडावे, चोथा तळाशी बसला की वरची निवळ कॉफी अलगद गाळावी. साधन घरातच असते. मात्र जाळीतून तेल व बारीक गाळ दोन्ही पार होतात. अधूनमधून पिणाऱ्या निरोगी व्यक्तीस हे चालेल, रोज तीन-चार कप पिणाऱ्यास नव्हे.

दुसरा पर्याय दाक्षिणात्य स्टील फिल्टरचा. वरच्या सच्छिद्र भांड्यात पूड घालून ती चकतीने हलकी दाबावी, उकळते पाणी ओतावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी खाली उतरलेला दाट अर्क गरम दुधात मिसळावा. फिल्टर एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो. धातूची छिद्रे तेल अडवीत नाहीत, ही त्याची मर्यादा. चुनखडीच्या प्रदेशातील पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षारांनी छिद्रे बुजू लागल्यास लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भांडे भिजत ठेवून धुवावे.

तिसरा पर्याय कापडाचा. गुणाने कागदाच्या सर्वांत जवळचा हाच. जाड विणीचे कापड तेलाचा बराच अंश अडविते. श्रीखंडासाठी चक्का टांगण्याची सवय असलेल्या घराला हे तंत्र शिकवावे लागत नाही. पांढरा, न रंगवलेला सुती मांजरपाट घ्यावा. खळ जाण्यासाठी तो दहा मिनिटे पाण्यात उकळून धुवावा आणि त्याची शंकूच्या आकाराची पिशवी शिवावी. अथवा दुहेरी घडी गाळणीवर पसरावी. कापड गरम पाण्याने ओले करून एका कपासाठी सुमारे १० ग्रॅम मध्यम दळलेली पूड घालावी. प्रथम पूड भिजेल इतकेच पाणी ओतून अर्धा मिनिट थांबावे. मग उरलेले १५० मिलिलिटर पाणी संथपणे ओतावे. स्टील फिल्टरमधील अर्कही याच कापडातून पुन्हा गाळता येतो.

कापडाची निगा मात्र काटेकोर हवी. वापरल्यावर ते लगेच साध्या पाण्याने धुवावे. साबणाचा वास कॉफीत उतरतो. आठवड्यातून एकदा ते उकळावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे. कुबट वास येऊ लागला की कापड बदलावे, कारण धाग्यांत राहिलेले तेल खवट होते.

काय वापरू नये?

वर्तमानपत्राचा कागद कदापि वापरू नये. शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये याविरुद्ध सूचना काढली होती आणि २०१८ च्या नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केली. सुगंधी टिश्यू पेपर, रंगीत कापड व नायलॉनचे मोजेही वर्ज्य समजावेत.

हिशेबाची बाजू

दिवसाला दोन कागदी गाळण्या धरल्या तर वर्षाला ७३० लागतात. म्हणजे शंभराची सात पाकिटे संपून आठवे फोडावे लागते. वाणिज्याच्या भाषेत हा आवर्ती खर्च होय. स्टील फिल्टर हा एकदाच करावयाचा भांडवली खर्च, तर हातभर मांजरपाटाचा खर्च नगण्य. परंतु जमाखर्चात केवळ रुपयेच मांडून भागत नाही. घरात कोणाला हृदयविकार असेल किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, तर त्या व्यक्तीसाठी कागद अथवा स्वच्छ जाड कापडच वापरावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. झटपट कॉफीतही ही द्रव्ये अत्यल्प असतात, हे अशा वेळी लक्षात ठेवावे. इतरांनी आपल्या आवडीप्रमाणे स्टील फिल्टर खुशाल वापरावा. बचत जरूर करावी; मात्र ती करताना कपात काय उतरते आहे याकडे लक्ष असावे.