भुकेचा निरोप

वॉल्टर पोरिस हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधले सर्जन. १९९५ साली त्यांनी एक शोधनिबंध छापला, त्याच्या शीर्षकातच त्यांचं आश्चर्य ओसंडत होतं. वजन उतरावं म्हणून त्यांनी ज्यांची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली, त्यांच्यातल्या बहुतेक मधुमेहींची साखर आटोक्यात आली होती. तीही काही दिवसांत, वजनाचा काटा जेमतेम हलला असताना! मग साखर उतरवली कुणी?

आपली एखादी मैत्रीण ‘मी वजनासाठी ऑपरेशन करून घेतेय’ असं सांगते, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेलं बरं. कारण तिला घरीदारी एकच वाक्य ऐकावं लागतं: ‘ऑपरेशन कशाला? जरा तोंड आवर की!’

आपल्याकडे सर्रास होणारी स्लीव्ह शस्त्रक्रियाच बघा. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून ती करतात. तोंडातून जठरात एक नळी सोडतात. नवं जठर किती रुंद ठेवायचं, याचं माप म्हणजे ती नळी. तिच्या कडेकडेनं स्टेपलर सरकत जातो. एका दाबात तो जठर कापतो आणि कापलेल्या दोन्ही कडा धातूच्या इवल्या टाक्यांनी बंदही करतो. जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग एका छिद्रातून बाहेर काढला जातो. उरतं ते केळ्याच्या आकाराचं, अरुंद जठर.

पिशवी लहान झाली, म्हणून माणूस कमी जेवतो, हे झालं अर्धं उत्तर. काढून टाकलेल्या भागात जठराचा वरचा घुमटही असतो. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः तिथं तयार होतं. मासायासू कोजिमा आणि केंजी कानगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधून काढलं. जेवायची वेळ झाली की ते रक्तात चढतं आणि मेंदूला निरोप पोचवतं, जेवण झालं की उतरतं. स्लीव्हनंतर हा निरोपच क्षीण होतो.

बायपासमध्ये अन्न जठराच्या बहुतांश भागाला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. ते आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचलं की तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक भरभरून सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला ‘पुरे’ असं कळवतं. पोरिस यांच्या कोड्याचा मोठा भाग इथं उलगडतो. आतड्याची वाट बदलली आणि साखरेचा हिशेबच बदलला!

आता ‘तोंड आवर’ या सल्ल्याचं बघू. २००२ साली डेव्हिड कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पथ्य पाळून वजन उतरवलेल्या माणसांचं घ्रेलिन मोजलं. वजन १७ टक्क्यांनी उतरलं होतं, पण घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे माणूस जितका नेटानं वजन उतरवतो, तितक्या नेटानं शरीर त्याला जेवायला बोलावतं. आपली मैत्रीण वर्षानुवर्षं झगडत आली ती या बोलावण्याशी. तिच्या निर्धारात काही खोट नव्हती. तिला हे कुणीतरी मोकळेपणानं सांगायला हवं, आणि ते आपणच सांगावं.

मग पुढचं सगळं सोपं होतं. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे तिला कमी उष्मांकाचा आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो. त्यातली चरबी उतरली की ते आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. त्या पंधरवड्यात तिला हॉटेलात नेऊ नये. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी हे धोके कमी असले तरी खरे आहेत. डॉक्टरांकडे तिच्यासोबत जावं आणि प्रश्न लिहून न्यावेत. घरी आल्यावर ताप, छातीत धडधड किंवा न थांबणारी उलटी दिसली, तर तडक सर्जनला फोन करावा.

सुरुवातीला डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं सूप, मग मऊ आणि शेवटी नेहमीचं जेवण. प्रथिनं आधी. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासानं प्यायचं. आणि आग्रह तर नकोच! ‘माझ्यासाठी एक घास’ म्हणून वाढलेल्या श्रीखंडानं, विशेषतः बायपासनंतर, तिला दरदरून घाम फुटू शकतो, पोटात कळ येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले तर घाबरवू नये. बहुधा ते पुन्हा येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या, आणि शाकाहारी असेल तर बी-१२कडे दुप्पट लक्ष.

पहिल्या वर्षी कौतुक करायला सगळे असतात. दोन-तीन वर्षांनी थोडं वजन परत येतं, अनेकांचं येतं, तेव्हा ‘ऑपरेशन वाया गेलं’ म्हणणारेही तेच असतात. भूक हा शरीराचा निरोप आहे आणि शरीर तो पाठवायचे नवे मार्ग शोधत राहतं, हे समजलेली मैत्रीण त्या दिवशी तिला दोष देत बसत नाही. ती रक्ततपासणीची तारीख ठरवते आणि सोबत निघते.