फिरत्या घराचा पूर्वीचा मालक

मालवणच्या किनाऱ्यावर जुनी होडी विकत घेणाऱ्या माणसाला तिच्या पूर्वीच्या मालकाचा शोध सहसा करावा लागत नसे. होडी ज्या खाडींत वापरली गेली, त्याच खाडीच्या कांठीं तो राहत असे. तिच्या कोणत्या फळीला कोणत्या पावसाळ्यांत चीर गेली, हें त्याच्याइतकेंच त्याच्या शेजाऱ्यांनाहि ठाऊक असे. सौदा ठरतांना ओसरीवर बसल्या बसल्या होडीची सारी कुंडली समजे. मोटारीचें तसें नाहीं. पुण्यास कोणीं हौसेनें सजविलेली मोटार कोल्हापूरच्या दलालाकडे जाते, तेथून पणजीला, आणि तिसऱ्या-चवथ्या हातानें ती तारकर्लीच्या माडांखालीं येऊन उभी राहते. गाडी हातीं येते, हकीकत वाटेंत सांडलेली असते.

येथें विचार करावयाचा आहे तो साध्या मोटारीचा नव्हे. ज्या वाहनांत निजण्याची, रांधण्याची व पाण्याची सोय केलेली असते, त्या फिरत्या घराला कॅरॅव्हान म्हणतात. युरोप-अमेरिकेंत हीं वाहनें नित्याचींच झालीं आहेत. आपल्याकडे त्यांचा प्रसार अलीकडचा. सन २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें कॅरॅव्हान पर्यटनाचें स्वतंत्र धोरण आंखलें, आणि कुटुंबासह किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडण्याची कल्पना शहरांतील अनेकांना मोहवूं लागली. नवी गाडी महाग, म्हणून दृष्टि साहजिकच जुन्या गाडीकडे वळते. साध्या जुन्या मोटारीची परीक्षा चांगला मिस्त्री अर्ध्या दिवसांत करतो. फिरत्या घरापुढें मात्र तोहि थबकतो. कारण त्यांत दोन निराळ्या वस्तु एकत्र नांदत असतात: एक कारखान्यांत तयार झालेली मोटार, आणि दुसरा, सुतार, नळकाम करणारा व वीजकाम करणारा यांनीं मालकाच्या लहरीप्रमाणें तिच्या पोटांत मांडलेला संसार. मोटारीची पुस्तिका मिळते. संसाराची पुस्तिका बहुधा कोणीं लिहिलेलीच नसते. ती पूर्वीच्या मालकाच्या डोक्यांत असते.

पाण्याच्या टाकीचेंच उदाहरण घ्यावें. ती फरशीखालीं असते, तिची तोटी बाहेरून दिसत नाहीं, आणि गाडी दोन-तीन महिने उभी ठेवावयाची झाल्यास पाणी कोठून सोडून द्यावयाचें हें माहीत नसलें तर तें आंतच कुजतें. किनाऱ्यालगतच्या कांहीं विहिरींचें पाणी उन्हाळ्यांत मचूळ होतें. तसलें पाणी वर्षानुवर्षें भरलें गेलें असेल तर पंप व पाणी तापविण्याचें यंत्र यांच्या आंत क्षारांचा थर बसलेला असणार. विजेची गोष्ट अधिक नाजूक. अशा गाडींत सामान्यतः इंजिनासाठीं एक आणि दिव्यापंख्यासाठीं दुसरी अशा दोन बॅटऱ्या असतात. त्यांना जोडणारी तार कोठून नेली, मधला फ्यूज कोठें दडविला, हें बसविणाऱ्याला आणि मालकालाच ठाऊक. आणि स्वयंपाकाच्या गॅसची नळी कोणत्या वाटेनें फिरविली आहे, ती शेवटची केव्हां बदलली, हें कळल्यावांचून त्या गाडींत कोणीं काडीसुद्धां ओढूं नये.

त्यांतून हा प्रदेश समुद्राचा. खारा वारा गाडीला खालून खातो: चॅसी, पाटे, ब्रेकच्या नळ्या. विकण्यापूर्वीं त्यांवर काळा रंग फासला कीं भल्याभल्यांचा डोळा फसतो. सिंधुदुर्गांत वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; छपराला पाडलेल्या झरोक्यांतून व सौर तावदानें बसवितांना पाडलेल्या भोंकांतून झिरपलेलें पाणी प्लायवूडच्या मागें मुरून बसतें, आणि मे महिन्यांत गाडी पाहणाऱ्याला त्याचा मागमूसहि लागत नाहीं. म्हणून, ‘पावसाळ्याचे चार महिने ही गाडी कोठें उभी असे?’ हा एक प्रश्न अनेक तपासण्यांच्या तोडीचा आहे. देवबागच्या वाळूंत उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि कुडाळच्या एखाद्या पडवींत झांकून ठेवलेली गाडी, या एकाच वर्षीं जन्मल्या तरी एका वयाच्या नसतात.

परंतु ज्यानें पैसे घेऊन व्यवहार मिटविला, त्यानें हीं उत्तरें कां द्यावींत? येथेंच बहुतेकांची गाडी अडते. अनोळखी माणसाचा फोन आला कीं विकणाऱ्याच्या मनांत पहिली शंका येते ती भांडणाची: कांहींतरी बिघडलें असणार आणि हा आतां पैसे परत मागणार. ती शंका दूर करण्याचा मार्ग कायद्यांतच आहे, आणि तो फार थोड्यांच्या लक्षांत येतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५० व्या कलमाप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत गाडी विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें, आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत. त्यासाठीं नमुना २९ व नमुना ३० असे दोन छापील अर्ज आहेत. पुष्कळदां असें होतें कीं विकणारा कोऱ्या अर्जांवर सह्या करून मोकळा होतो, दलाल ते कागद खणांत ठेवतो, आणि नोंदवहींत जुनेंच नांव राहतें. हें नुसतें कागदी दुर्लक्ष नव्हे. सन २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें. नोंदलेल्या मालकानें आपली गाडी २००७ मध्यें विकली होती. पुढें ती आणखी कित्येक हात फिरली. २००९ मध्यें तिच्याखालीं सांपडून एक मूल दगावलें. नुकसानभरपाई कोणीं द्यावयाची? ज्याच्या नांवावर गाडीची नोंद आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, असा निर्णय झाला. आणि दोन वर्षांपूर्वीं गाडी विकून निश्चिंत झालेल्या गृहस्थावर तो बोजा येऊन पडला.

याचा अर्थ असा कीं पूर्वीच्या मालकाला नव्या मालकाची जरूर असते. आपलें नांव नोंदवहींतून निघालें कीं नाहीं हें त्याला बहुधा माहीतच नसतें. टोलनाक्यावरील फास्टॅग त्याच्या खात्याशीं जोडलेला असतो. तो त्यानें बंद केला नसेल तर दुसराच कोणी हिंडतो आणि टोल याच्या खात्यांतून कापला जातो. वेगमर्यादेचे दंडहि त्याच्याच फोनवर येत राहतात. तेव्हां त्याच्याकडे प्रश्न घेऊन जाण्यापूर्वीं त्याला हवी असलेली वस्तु घेऊन जावें: नव्या नांवाच्या नोंदणीपुस्तकाची एक नक्कल. ही नक्कल हातीं पडली कीं बहुतेकांची जीभ मोकळी होते.

आतां त्याला गांठावयाचें कसें? नोंदणीपुस्तकांत मालकाचा अनुक्रम दिलेला असतो. त्यावरून गाडी कितव्या हातीं आहे हें प्रथम पाहावें. क्रमांकाच्या आरंभीं एम. एच. ०७ असेल तर गाडी सिंधुदुर्गांतच नोंदलेली, जी. ए. असेल तर गोव्यांतली. सरकारी वाहन-नोंदींत मालकाचें नांव अर्धवट झांकून दाखवितात, आणि तें योग्यच आहे. नंबर पाहून कोणीहि कोणाच्या दारांत उभें राहावें हें बरें नव्हे. सरळ वाट विक्रेत्याची. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यास नोंदणी अधिकाऱ्याचें अधिकारपत्र घ्यावें लागतें, आणि मालकाकडून गाडी ताब्यांत येतांच तशी वर्दी द्यावी लागते. असा विक्रेता पूर्वीच्या मालकाला ओळखत नाहीं असें होऊंच शकत नाहीं. त्याच्याकडे पत्ता मागूं नये; आपलें पत्र पोंचवावयास सांगावें. तेवढेंहि तो टाळूं लागला, तर त्या टाळाटाळींतच गाडीविषयीं बरेंच कांहीं कळून येतें. ज्या गॅरेजांत गाडीची देखभाल होत असे, तेथील मिस्त्रीहि असा निरोप आनंदानें पोंचवितात. हें सारें पैसे देण्यापूर्वीं साधलें तर उत्तम. परंतु नंतरहि उशीर झाला असें नाहीं.

पत्र लांबलचक नसावें. ‘सा. न. वि. वि. आपल्या नांवें असलेली अमुक क्रमांकाची गाडी मीं घेतली आहे. नोंद माझ्या नांवें झाली असून नक्कल सोबत जोडली आहे. व्यवहाराबद्दल माझी कोणतीहि तक्रार नाहीं. गाडींतील पाणी, वीज व गॅस यांच्या मांडणीविषयीं आपल्या सवडीनें पंधरा मिनिटें बोलतां आल्यास उपकार होतील. कळावें, लोभ असावा.’ खालीं आपला फोन क्रमांक. बस्स. उत्तर आलें नाहीं तर आणखी एकदां आठवण द्यावी आणि थांबावें. गप्प राहण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मग गाडीची फरशी उचकटून तारा व नळ्या एकेक करून शोधण्याचा खर्च सोसावा लागतो, तो सोसावा.

बोलणें झालेंच, तर एक प्रश्न विसरूं नये. गाडीचें घर करतांना त्या बदलाला मंजुरी घेतली होती काय? कायद्याचें ५२ वें कलम मूळ रचनेंत परस्पर फेरफार करूं देत नाहीं. मालवाहू गाडींत पलंग व चूल बसविली, पण नोंदणीपुस्तकांत ती मालवाहूच राहिली, तर अपघाताच्या प्रसंगीं विमा कंपनी बोट ठेवावयास मोकळी. मंजुरीचे कागद पुष्कळदां मूळ मालकाच्या कपाटांतच पडलेले असतात, कारण दलालाला त्यांची किंमत नसते. विम्याचीहि अशीच एक अडचण आहे: गाडीबरोबर तिसऱ्या पक्षासाठींचा विमा नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाहीं; विमा कंपनीला १४ दिवसांच्या आंत कळवावें लागतें.

गोव्याची गाडी सिंधुदुर्गांत आणावयाची तर तेथील नोंदणी अधिकाऱ्याचें ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, लागतें. कर्ज फिटलें असलें तरी बँकेचा बोजा नोंदींतून उतरविण्यासाठीं नमुना ३५ लागतो. या दोन्ही कागदांवर पूर्वीच्या मालकाची सही हवी, आणि तो तोंवर पणजी सोडून परदेशीं गेला असेल तर महिने जातात.

कधीं कधीं पत्राला उत्तर येतें तें मुलाचें किंवा पत्नीचें: मालक वारले. अशा वेळीं कायद्यानें वारसानें ३० दिवसांत मृत्यूची वर्दी द्यावयाची व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नांवें करावयाची असते. त्यानंतरच ती विकतां येते. दलालानें ही पायरी गाळून मृताच्या नांवच्या जुन्या सह्या वापरल्या असतील, तर व्यवहार तेथेंच थांबवावा आणि वारसांकडून कागद नीट करून घ्यावेत. त्या घरीं मात्र प्रश्नांची यादी घेऊन एकदम बसूं नये. ज्या गाडींतून त्या कुटुंबानें वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा पाहिला, तिच्याविषयीं तीं माणसें आपण होऊन बोलूं लागतात. छपराची गळती, अडकणारें दार, पंपाची डावीकडे फिरवावयाची कळ, हें सारें त्या बोलण्यांत ओघानें येतें. आणि निघतांना बहुधा कोणीतरी आंतून दुसरी किल्ली आणून देतो.